गच्चीवरच्या मिरची-टोमॅटोला बोकड्या आला, तर काय करायचं

पहिल्या वर्षी माझ्या गच्चीवर टोमॅटोची अकरा झाडं होती. सप्टेंबरच्या शेवटी त्यातल्या एकाचा शेंडा मूठ आवळल्यासारखा झाला. पानं अशी आखडून वळली की त्याला बोकड्या म्हणतात. मी त्याला गांडूळखत घातलं. आठवड्याने अजून घातलं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आंबट ताक शिंपड, तेही शिंपडलं. दिवाळीपर्यंत अकरापैकी नऊ झाडं तशीच झाली आणि सगळ्या हंगामात मिळून जेमतेम एक भांडंभर सार झालं. ज्या झाडाचे मी लाड करत होते, तेच बाकीच्या आठांना रोग वाटत बसलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

हा लेख पुण्यात गच्चीवर, बंगल्याच्या आवारात किंवा मुळशी-पानशेतकडच्या एखाद-दोन गुंठ्यांत पहिल्या-दुसऱ्यांदा भाजी लावणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या शेतीचं गणित वेगळं असतं, त्यात मी पडत नाही.

१. कोणता किडा काय आणतो, ते आधी बघा

बोकड्या, चुरडा-मुरडा, पर्णगुच्छ, केवडा, हळद्या ही सगळी नावं तुमच्या कानावर पडतील. यातले बहुतेक रोग विषाणूंचे असतात आणि ते झाडाच्या रसात राहतात. रस शोषणारा किडा आजारी झाडावर जेवतो आणि निरोग्या झाडावर जाऊन सोंड खुपसतो. मग सुरू होतं सगळं.

पांढरी माशी टोमॅटो आणि मिरचीचा पर्णगुच्छ, म्हणजे पानं बारीक होऊन शेंडा गच्च होणारा रोग, आणते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात, तो हळद्याही तिचाच. पपईचा रिंगस्पॉट (गोल कड्यांचे डाग) आणि काकडी-भोपळ्याचा मोझॅक (पानांवर फिकट-गडद ठिगळं) मावा पसरवतो, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करणारे बारीक मऊ किडे. टोमॅटोचे शेंडे तांबूस होऊन करपतात, त्यामागे फुलकिडे असतात. वांग्याला बारीक-बारीक पानांचा झुपका येतो आणि फळ धरत नाही, तो तुडतुड्यांचा प्रताप. वांग्याच्या या रोगात विषाणू नसून फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूसारखा जीव असतो, पण आपल्या दृष्टीने फरक शून्य. झाड वाचत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: लागण झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही. दुकानात 'व्हायरसचं औषध' म्हणून बाटली पुढे केली, तर ती बहुतेक वेळा कसलं तरी टॉनिक असते. औषध असतं ते किड्यासाठी.

आणि इथेच माव्याची आणि माशीची तऱ्हा वेगळी आहे. पांढऱ्या माशीला विषाणू उचलायला काही मिनिटं निवांत रस प्यावा लागतो. मग तो तिच्या अंगात फिरून लाळेत यायला काही तास जातात, पण एकदा आला की ती मरेपर्यंत तो वाटत राहते. म्हणून माशी कमी केली की रोगाचा वेग खरोखर कमी होतो. माव्याचं मात्र सगळं सेकंदांत चालतं. तो पानाला तोंड लावून चाखतो, नाही आवडलं तर उडतो, आणि तेवढ्यात काम उरकलेलं असतं. फवाऱ्याने तो मरेलही, पण मरायच्या आधी त्याने पपईला जे द्यायचं ते दिलेलं असतं. पपईवर औषधं मारून थकलेली माणसं मी बघितली आहेत. तिथे आजारी झाड लवकर काढणं आणि रोप लहान असताना जाळीत ठेवणं, इतकंच हातात असतं.

२०२० च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक आणि आपल्या जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोची फळं पिकताना पट्ट्यापट्ट्यांची दिसायला लागली. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं आणि समाजमाध्यमांवर असले टोमॅटो खाल्ले तर माणसालाही रोग होईल, असं काहीबाही फिरलं. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. आजारी झाडावर आधीच धरलेली फळं असतील तर खुशाल खा. चव कमी लागेल, एवढंच.

२. झाड उपटायच्या आधी खात्री करा

इथे घाई करू नका. वळलेलं प्रत्येक पान विषाणूचं नसतं, आणि मिरचीच्या बाबतीत तर निम्म्या वेळा नसतंच.

मिरचीचं पान हातात धरा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं दिसत असेल, तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून होडी उलटी झाल्यासारखी दिसत असेल आणि देठ लांबट झालं असेल, तर कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव). हे दोन्ही नुसत्या किडीचे त्रास आहेत, झाड त्यातून उठतं. विषाणूची ओळख म्हणजे पेरं आखूड होतात, पानं बारीक आणि गच्च होतात, सगळा शेंडा खुरटून झुडपासारखा दिसतो. पान फिकट पडतं, चुरगळल्यासारखं होतं.

फुलकिडे बघायला पांढरा कागद घ्या. शेंडा किंवा फूल त्यावर टकटक झटका. एक-दोन मिलिमीटरचे पिवळट किंवा तपकिरी धागे पळताना दिसले की तेच. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दहापट भिंग लागतं. पांढरी माशी शोधायला पान उलटावं लागतं, आणि ते सकाळी साडेसात-आठच्या आत उलटा. ऊन तापल्यावर हात लावला की पांढरा भुगा उधळावा तशा त्या उडतात आणि परत त्याच झाडावर, पण दुसऱ्या पानाखाली जाऊन बसतात. सकाळी गारठलेल्या असतात, हलत नाहीत. जवळून बघितलं तर पिठाचा कण वाटतो, पण त्याला छपरासारखे दोन पंख असतात. शेजारी पानाला चिकटलेले पिवळसर, चपटे खवले दिसतील, ती पिल्लं. ती जागची हलत नाहीत.

टोमॅटोत अजून दोन फसवे प्रकार आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात खालची जुनी पानं पुंगळीसारखी वर वळतात, जाडसर लागतात, पण हिरवीच असतात आणि शेंडा छान वाढत असतो. तो उन्हाचा ताण आहे, पाणी आणि सावली द्या. दुसरा प्रकार आमच्या सोसायटीत घडला. लॉनवर तणनाशक मारलं, वारा आमच्या बाजूला होता, आणि दोनच दिवसांत टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळली गेली. एकाच वेळी, एकाच बाजूच्या सगळ्या झाडांना एकसारखं झालं असेल, तर आधी माळीकाकांना विचारा. विषाणू असा रांगेत उभा राहून येत नाही. एक झाड, मग आठवड्याने पलीकडचं, मग कोपऱ्यातलं, अशी त्याची चाल असते.

तरीही शंका असेल तर कुंडी बाकीच्यांपासून लांब, जमल्यास जिन्याच्या पलीकडे नेऊन ठेवा. वळलेला शेंडा खुडा. कोळी वाटत असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. (कडक उन्हात गंधक मारलं तर पानं भाजतात, आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीला जोडून तर मारूच नका. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.) दहा-बारा दिवसांत नवी फूट सरळ आली, तर झाड तुमचं. ती पण वाकडीच आली, तर पुढचं वाचा.

३. जवळ ठेवायचं सामान

- दहापट भिंग आणि पांढरा कागद
- फवारणीचा दोन लिटरचा हातपंप, नोझल उलटं वर करता येईल असा. माशी पानाखाली असते
- पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे
- काळ्या जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या
- धारदार कात्री, हातमोजे
- कडुनिंबाचं तेल, साधा द्रव साबण, मोजमापाचं झाकण
- एक वही

वही गंमत म्हणून लिहिलेली नाही. कोणतं रोप कुठून आणलं, कधी लावलं, काय फवारलं, हे न लिहिल्यामुळे मी दोन हंगाम तीच चूक केली.

सापळ्यांनी माशी संपत नाही, ती किती आहे ते कळतं. आठ-दहा कुंड्यांना एक, शेंड्याच्या उंचीवर. विकतचे नको असतील तर पिवळी प्लॅस्टिकची फाइल कापा आणि एरंडेल चोपडा. आठवड्याने पुसून परत चोपडायचं. चार माश्यांच्या चाळीस झाल्या की समजायचं, आता रविवारची वाट बघायची नाही.

४. आजारी झाड काढणं

बहुतेक जण इथे अडतात. मीही अडले. झाडाला चार फुलं असतात, आपण रोज पाणी घातलेलं असतं, नातवाने बी पेरलेलं असतं. पण टोमॅटोला फुलं यायच्या आधी लागण झाली असेल, तर त्या झाडाला जवळजवळ काहीच धरत नाही. फळं लागून गेल्यावर उशिरा लागण झाली असेल आणि गच्चीवर दुसरं तरुण टोमॅटो-मिरचीचं रोप नसेल, तरच ते ठेवण्यात अर्थ आहे.

उपटायचीही रीत आहे. मी पहिल्यांदा भर दुपारी झाड गदागदा हलवून उपटलं, आणि त्यावरच्या सगळ्या माश्या शेजारच्या मिरचीवर जाऊन बसल्या. म्हणजे रोग मीच हाताने पोचवला.

सकाळी लवकर, झाडाला हात न लावता, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. पंख ओले झाले की त्या उडत नाहीत. मग काळी पिशवी वरून टोपीसारखी घाला, खाली मुठीत आवळा, आणि बुंध्याशी कात्रीने कापा. पिशवीचं तोंड घट्ट बांधून तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. आत सगळं शिजून मरतं. त्यानंतर ते कंपोस्टमध्ये गेलं तरी चालतं. ताजं, हिरवं झाड उघड्या कंपोस्टच्या ड्रमवर टाकू नका, माशी तिथून उठून परत येते.

मूळ राहिलं तर त्यातून फूट येऊ शकते, तेव्हा बुंधाही उपसून टाका. माती फेकायची गरज नाही. पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ मातीतून येत नाही. पहिल्या वर्षी मी अकरा बॅगांमधली सगळी माती जिन्यातून खाली उतरवली होती. लिफ्ट बंद होती. आजही गुडघा त्याची आठवण काढतो.

५. उरलेल्या झाडांवरची माशी

पुढचे तीन आठवडे महत्त्वाचे, कारण लागण झाल्यावर टोमॅटोवर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आज ठणठणीत दिसणारी दोन-तीन झाडं पुढे वळतील. धीर सोडू नका, त्यांनाही लगेच काढा.

फवारा असा: लिटरभर कोमट पाण्यात आधी एक मिली द्रव साबण ढवळा, मग पाच मिली कडुनिंबाचं तेल. उलट क्रमाने घातलं तर तेल वर तरंगतं आणि पान जळतं. कपड्यांची पावडर वापरू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून, पाणी ठिबकेपर्यंत मारा. आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

एकदा मारून थांबू नका. माशीचं अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं आणि फवाऱ्यातून अंडी वाचतात. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. कडुनिंबाचं तेल नको असेल तर निंबोळ्यांची पूड लिटरला पन्नास ग्रॅम रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून घ्या. पावसाळी, दमट दिवसांत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी चांगलं काम करते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ती वाया जाते.

मुंग्यांच्या रांगेकडेही लक्ष ठेवा. त्या माव्याच्या चिकट गोड रसासाठी येतात आणि माव्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. ठिपकेवाला लाल ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो, पण त्याची अळी काळी, काटेरी, छोट्या सुसरीसारखी दिसते आणि लोक तिलाच चिरडतात. ती दिसली तर त्या झाडावर फवारू नका.

रासायनिक औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाच-पंचवीस कुंड्यांसाठी, जिथे खाली पोरं खेळतात आणि वर पाण्याच्या टाक्या आहेत, तिथे नको. तरी आणलंच तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळा घरात आणू नका, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी भाजी तोडायची, ते लेबलवर वाचा. झुरळांचा स्प्रे भाजीवर मारणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं!

जोराची वाढ व्हावी म्हणून युरिया टाकणं थांबवा. लुसलुशीत कोवळी फूट म्हणजे माव्याला पंगतीचं आमंत्रण.

६. पुढची लागवड: रोप, जाळी, वेळ

माझी सगळ्यात महाग चूक रोपांची होती. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मिरचीची दोन डझन रोपं आणली. हिरवीगार, टवटवीत. घरी येऊन डिकी उघडली तर काचेवर पांढरे ठिपके उडत होते. रोपं विकत घेताना मी एकदाही पान उलटलं नव्हतं. तीन आठवड्यांत निम्मी वळली, आणि नर्सरीवाल्याचं म्हणणं, 'ताई, तुमच्याकडचं पाणी खारं असेल.'

आता मी बी स्वतः प्रो-ट्रेमध्ये (रोपांचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे) कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, लावते आणि ट्रे पहिल्या दिवसापासून जाळीत ठेवते. विकतचं रोप आलंच, तर ते तीन आठवडे वेगळ्या बाल्कनीत, जाळीखाली. रोप जितकं लहान असताना लागण होते तितकं नुकसान मोठं, म्हणून सगळी शक्ती पहिल्या सहा आठवड्यांवर लावा.

जाळी कोणती, इथे सगळे फसतात. हिरवी शेडनेट निव्वळ सावली देते. मच्छरदाणीच्या कापडातूनही पांढरी माशी आरामात आत जाते. '४० मेश' (म्हणजे एका इंचात चाळीस भोकं) किंवा त्याहून बारीक कीडरोधक जाळी मागायची. चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची; पाइप, कोपर, टी सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. जाळी खाली विटांनी दाबा. एका बाजूला बोटभर फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. टोमॅटो-मिरचीला फळ धरायला मधमाशी लागत नाही, सकाळी दांड्याला हलकी टिचकी मारली की पुरतं. काकडी-दोडक्याला मात्र मधमाशी लागतेच, फुलं आली की जाळी काढा.

जाळी परवडत नसेल तर कुंडीच्या मातीवर चंदेरी मल्चिंग पेपर, चमकती बाजू वर. खालून उजेड परतला की उडणारी माशी आणि फुलकिडे गोंधळतात. जमिनीवर लावणाऱ्यांनी वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या दोन-तीन ओळी आधी पेराव्यात.

वेळेचं म्हणाल तर पुण्यात जोराच्या पावसात माशी धुतली जाते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात ती वाढते, थंडीत मंदावते आणि फेब्रुवारीनंतर परत उसळते. मी टोमॅटोची रोपं ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात कुंडीत हलवते. फेब्रुवारी ते मे या काळात जाळीशिवाय नवीन टोमॅटो लावतच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या ढगाळ दिवसांत मावा येतो, तेव्हा पपई आणि वेलवर्गाकडे बघा.

वाणांत भेंडीला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, टोमॅटोला अर्का रक्षक चांगले. ते हळद्या किंवा पर्णगुच्छाला दाद कमी देतात. अजिबात देत नाहीत असं नाही.

७. गच्चीच्या कडेचं रान

माशी टोमॅटो नसताना कुठे राहते? कंपाउंडलगतच्या गाजर गवतावर, ओसाडी नावाच्या तणावर, जास्वंदीवर. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५५ सालची. त्यामुळे आपला त्याच्याशी घरोबा जुना. फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून उपटा. अंगाला लागलं तर खाज सुटते. गच्चीवर आपोआप उगवलेलं टोमॅटोचं रोपटं 'आलंय तर राहू दे' म्हणून ठेवू नका. पुढच्या हंगामाचा रोग त्यावरच मुक्कामाला असतो.

८. कुणाला विचारायचं आणि बरोबर काय न्यायचं

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलतात. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. जुन्नर-आंबेगावकडच्यांना नारायणगावचं आणि बारामतीकडच्यांना तिथलं कृषी विज्ञान केंद्र जवळ. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. बरोबर हे न्या:

- वळलेला ताजा शेंडा, आणि त्याच जातीच्या निरोगी झाडाचा एक शेंडा, वेगवेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन तो सडतो
- पानाच्या वरचा आणि खालचा, आणि पूर्ण झाडाचा फोटो
- बियाण्याचं पाकीट, त्यावरचा लॉट क्रमांक, खरेदीची पावती
- वहीतलं पान: पेरणीची तारीख, लक्षण पहिल्यांदा दिसल्याची तारीख, काय-काय फवारलं

वर्तमानपत्रात गुंडाळलेला नमुना नेताना कापडी पिशवीत नीट बंद करा. मी तो उघड्या हाताने पीएमटीतून नेला होता आणि शेजारच्या मावशी उतरेपर्यंत विचारत होत्या, ही कसली हो पालेभाजी.